वरातीमागून घोडं: कोलंबियाच्या महिला फुटबॉलचे ९२ दिवस

३० ऑक्टोबर २०२२. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन विरुद्ध कोलंबिया. ८२व्या मिनिटापर्यंत दोन्हीकडे शून्य. मग कोलंबियाच्या आना गुझमानकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि तो स्वयंगोलच सामन्याचा निकाल ठरला. स्पेन १, कोलंबिया ०. गुझमान तेव्हा सतरा वर्षांची होती.

बरोबर तीन महिने आधी, ३० जुलैला, कोलंबियातल्या बुकारामांगा शहरात त्यांच्याच देशाचा मोठ्या बायकांचा संघ कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेचा अंतिम सामना ब्राझीलकडून हरला होता. तोही १-०नंच, देबिन्याच्या पेनल्टीवर. म्हणजे ९२ दिवसांत एका देशाच्या महिला संघांचे दोन अंतिम सामने झाले. मधल्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील संघ कोस्टा रिकात विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि तिथंही ब्राझीलनं १-०नंच घरी पाठवलं. तिन्ही स्पर्धांत एक मुलगी समान होती. लिंडा कायसेदो, वय १७.

आता याच ९२ दिवसांत कोलंबियाच्या महिला लीगमध्ये काय चाललं होतं? काहीच नाही. लीग जूनअखेर संपली होती आणि वर्षाच्या उत्तरार्धात दुसरी स्पर्धा होणार नाही असं लीग चालवणाऱ्या दिमायोरनं सांगून टाकलं होतं. देशाच्या तीन महिला संघांनी ८ जुलै ते ३० ऑक्टोबर या काळात तीन स्पर्धांत मिळून १६ सामने खेळले. देशातल्या व्यावसायिक महिला लीगमध्ये त्या काळात एकही सामना झाला नाही.

हे प्रकरण मला सांगावंसं वाटतं ते या विसंगतीसाठी. बाहेरून पाहणाऱ्याला कोलंबिया म्हणजे महिला फुटबॉलमधली यशोगाथा दिसते. आत डोकावलं की वरात पुढं निघून गेलेली आणि घोडं मागून धापा टाकत येतंय, असं चित्र. आणि हे एकदा झालेलं नाही. २००८पासून तेच घडतंय.

पहिली वरात

सतरा वर्षांखालील मुलींची दक्षिण अमेरिकन स्पर्धा पहिल्यांदा भरली ती २००८ साली, चिलीत. ती कोलंबियानं जिंकली. ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या खंडात ही काही साधी गोष्ट नाही. त्याच वर्षी या मुली न्यूझीलंडला पहिल्या विश्वचषकात खेळल्या. दोन वर्षांनी, २०१०मध्ये, त्याच पिढीनं जर्मनीत वीस वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली, तिथं नायजेरियाकडून आणि तिसऱ्या क्रमांकासाठी दक्षिण कोरियाकडून हरून चौथी आली. योरेली रिंकोन हे नाव जगाला तिथं कळलं. त्याच साली मोठ्या संघानं कोपा अमेरिकात दुसरा क्रमांक पटकावून २०११चा विश्वचषक आणि २०१२चं लंडन ऑलिम्पिक अशी दोन्ही तिकिटं काढली.

म्हणजे वयोगट संघ, मोठा संघ, सगळं जुळून आलं होतं. नव्हती ती फक्त देशात व्यावसायिक लीग. या मुली करायच्या काय? ज्यांना जमलं त्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांची शिष्यवृत्ती घेतली. नतालिया गायतान टोलेडोला, ओरियानिका वेलास्केझ इंडियानाला, आरिझा बहिणी टेनेसीतल्या ऑस्टिन पी विद्यापीठात. कोलंबियाचा राष्ट्रीय संघ काही काळ अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या खर्चावर वाढत होता, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. मागं राहिलेल्यांसाठी मेदेयिनचा फोर्मास इन्तिमास किंवा कालीतली कार्लोस सार्मिएन्तो लोरा फुटबॉल शाळा अशी मोजकी ठिकाणं होती. पगार नव्हता, पण निदान खेळायला मैदान आणि सोबत होती. फोर्मास इन्तिमास २०१३मध्ये कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकन क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. देशात व्यावसायिक लीग नसताना!

२०११च्या विश्वचषकात कोलंबियाला एकही गोल करता आला नाही. स्वीडनकडून ०-१, अमेरिकेकडून ०-३ आणि उत्तर कोरियाशी ०-०. लंडन ऑलिम्पिकमध्येही तिन्ही सामने गोल न करता हरले. त्यातला पहिला सामना ग्लासगोत होता आणि तो लोकांच्या लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणानं: पडद्यावर उत्तर कोरियाच्या खेळाडूंसमोर दक्षिण कोरियाचा झेंडा दाखवला गेला, त्या मैदान सोडून गेल्या, सामना तासाभरानं सुरू झाला. कोलंबियाच्या मुली तोवर थांबून राहिल्या. थांबण्याची सवय त्यांना एव्हाना झालेलीच होती.

मग २०१५. कॅनडातल्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्ध दानिएला मोन्तोयानं दूरवरून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. महिला विश्वचषकातला कोलंबियाचा तो पहिला गोल. पुढच्या सामन्यात त्यांनी फ्रान्सला २-० हरवलं. फ्रान्स तेव्हा जागतिक क्रमवारीत तिसरा होता. लेडी आंद्रादे आणि कातालिना उस्मे यांचे गोल. कोलंबिया बाद फेरीत गेला आणि तिथं अमेरिकेकडून हरला.

मोन्तोयाचं पुढं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. विश्वचषकाचे ठरलेले पैसे मिळाले नाहीत, असं ती उघडपणे बोलली. पुढच्या वर्षीच्या रिओ ऑलिम्पिकच्या संघात तिचं नाव नव्हतं. महासंघाच्या बाजूनं म्हणायचं तर निवड हा प्रशिक्षकाचा अधिकार असतो. पण देशासाठी विश्वचषकातला पहिला गोल करणारी खेळाडू वर्षभरात नकोशी होते, तेव्हा संघातल्या बाकीच्या मुली त्यातून जे समजायचं ते समजतात.

लीग आली, पण पाहुणी म्हणून

२०१७मध्ये व्यावसायिक महिला लीग सुरू झाली. १८ संघ. पहिलं विजेतेपद बोगोताच्या सांता फेनं पटकावलं आणि अंतिम सामन्याला एल काम्पिन स्टेडियमवर तीस हजारांहून जास्त लोक आले. बायकांचा फुटबॉल बघायला कोण येतंय, हा प्रश्न त्या रात्री निकालात निघायला हवा होता. निघाला नाही.

कारण लीगचा पाया कच्चा होता. ती चालायची वर्षातले चार-पाच महिने. करारही तेवढ्याच महिन्यांचे. उरलेल्या वर्षात खेळाडूनं काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. संघांची संख्या १८वरून वाढली, मग घसरत २०२१मध्ये ११वर आली. मोठ्या क्लबांपैकी बरेचसे महिला संघ बाळगून होते ते कॉन्मेबोल या दक्षिण अमेरिकन फुटबॉल महासंघाच्या अटीमुळे: पुरुषांच्या लिबेर्तादोरेसमध्ये खेळायचं असेल तर महिला संघ हवाच, असा नियम २०१९पासून लागू झाला. अट पाळायला संघ ठेवायचा, पण त्यावर खर्च करायचा नाही, ही कला आपल्याकडच्याही बऱ्याच संस्थांना अवगत आहे.

२०१८ हे वर्ष या सगळ्याचा कळस. अॅतलेतिको उइला हा छोट्या शहरातला क्लब. त्याच्या मुलींनी आधी देशाची लीग जिंकली, मग ब्राझीलमधल्या मानाउसला जाऊन सांतोसला पेनल्टींवर हरवून लिबेर्तादोरेस जिंकली. कोलंबियाच्या महिला क्लबचं ते पहिलं खंडीय विजेतेपद. आणि मग त्याच संघातल्या योरेली रिंकोननं व्हिडिओत सांगून टाकलं की बक्षिसाचे ५५ हजार डॉलर मुलींना न मिळता क्लबच्या पुरुष संघाकडे जाणार आहेत. देशभर गदारोळ उठला. त्याच महिन्यात तोलिमा क्लबचे प्रमुख गाब्रिएल कामार्गो महिला फुटबॉल म्हणजे समलैंगिकतेची पैदास, अशा अर्थाचं बोलून मोकळे झाले. त्याआधी राष्ट्रीय संघाच्या नव्या जर्सीचं प्रदर्शन झालं, तेव्हा पुरुषांची जर्सी पुरुष खेळाडूंनी घातली आणि बायकांची जर्सी घातली माजी मिस युनिव्हर्सनं. हे तिन्ही प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले की वेगळं भाष्य करायची गरज उरत नाही.

रिंकोन २०२२च्या कोपा अमेरिकात नव्हती, २०२३च्या विश्वचषकातही नव्हती.

भीती कमी, फुटबॉल जास्त

२०१९च्या सुरुवातीला इसाबेला एचेवेरी आणि मेलिसा ऑर्टिझ या दोघींनी समाजमाध्यमांवर तोंड उघडलं. दोघी अमेरिकेत शिकलेल्या, दोघी राष्ट्रीय संघात खेळलेल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आम्हाला पैसे मिळत नाहीत, शिबिराला येण्याची आंतरराष्ट्रीय विमानतिकिटं बंद केली, जर्सी जुन्या देतात आणि जी बोलते तिला संघातून काढतात. त्यांच्या मोहिमेचं घोषवाक्य होतं ‘मेनोस मिएदो, मास फुतबोल’. भीती कमी, फुटबॉल जास्त. खेळाडूंची संघटना अकोलफुतप्रो पाठीशी उभी राहिली.

दोघी बोलल्या म्हणून पुढची गोष्ट बाहेर आली, आणि ती जास्त गंभीर होती. सतरा वर्षांखालील संघाच्या प्रशिक्षक वर्गातल्या लोकांवर लैंगिक छळाचे आरोप झाले. प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत गेलं. इथं वयोगट संघांबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मोठ्या संघातल्या खेळाडूकडे निदान नाव असतं, क्लब असतो, कधी परदेशातला करार असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडे काहीच नसतं. तिची निवड, तिचा पासपोर्ट, तिची खोली, तिचं खाणंपिणं, सगळं शिबिरातल्या चार मोठ्या माणसांच्या हातात. देशात सकस क्लबव्यवस्था असेल तर राष्ट्रीय शिबिर हा अनेक दरवाज्यांपैकी एक दरवाजा असतो. कोलंबियात तो एकमेव होता. म्हणून लीग चार महिने चालते की दहा महिने, हा प्रश्न निव्वळ खेळाचा नाही. शिबिरातल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची ऐपत मुलीकडे आहे का, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

(आपण बोट दाखवण्याआधी: याच २०२२च्या विश्वचषकाची तयारी करणाऱ्या भारतीय मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला जुलैमध्ये लैंगिक गैरवर्तनाच्या कारणावरून काढून टाकावं लागलं होतं. आणि स्पर्धेला दोन महिने उरले असताना फिफानं भारतीय महासंघालाच निलंबित केलं. अकरा दिवसांनी ते निलंबन उठलं म्हणून नेरूळ आणि मडगावला सामने तरी झाले.)

२०१९मध्ये लीग होणार की नाही, हेच कितीतरी दिवस ठरेना. शेवटी बरीच ओरड झाल्यावर वर्षाच्या उत्तरार्धात ती खेळवली. मला हा या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील वाटतो, कारण त्याच लीगमध्ये अमेरिका दे कालीनं एका चौदा वर्षांच्या मुलीला मैदानात उतरवलं. लिंडा कायसेदो. वाये देल काउका प्रांतातल्या कान्देलारियाजवळचं व्हियागोर्गोना हे तिचं गाव. लहानपणी मुलांमध्ये खेळून तयार झालेली. पहिल्याच मोसमात ती लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होती आणि तिचा क्लब विजेता ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिनं मोठ्या राष्ट्रीय संघाकडून पदार्पण केलं. पुढच्या वर्षी, पंधराव्या वर्षी, तिला अंडाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी. ती बरी झाली, देपोर्तिवो कालीकडे गेली आणि २०२१मध्ये पुन्हा लीग जिंकली.

२०१९ची लीग झालीच नसती तर? लिंडासारखी खेळाडू कुठूनतरी वर आलीच असती, असं म्हणणारे भेटतील. मला तशी खात्री वाटत नाही.

बुकारामांगा

२०२३च्या विश्वचषकाचं यजमानपद कोलंबियानं मागितलं होतं. जून २०२०च्या मतदानात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडनं २२ विरुद्ध १३ मतांनी ते घेतलं. त्याआधीच्या वर्षी लिमात पॅन अमेरिकन स्पर्धेचं सुवर्णपदक अर्जेंटिनाला पेनल्टींवर हरवून याच मुलींनी जिंकलं होतं. महासंघाला यजमानपदाची हौस होती आणि खेळाडूंना लीगची गरज होती. या दोन्ही गोष्टी एकाच देशात एकाच वेळी असूनही त्यांची भेट होत नव्हती.

विश्वचषक गेला, पण जुलै २०२२ची कोपा अमेरिका मिळाली. काली, अर्मेनिया आणि बुकारामांगा. स्पर्धेच्या काही दिवस आधीच अमेरिका दे काली आणि देपोर्तिवो काली या एकाच शहरातल्या दोन क्लबांनी लीगचा अंतिम सामना भरलेल्या पास्कुआल गेरेरो स्टेडियमवर खेळला होता. आणि वरून निरोप आला: पुढच्या सहा महिन्यांत लीग नाही. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी मुठी उंचावल्या. घरच्या मैदानावर, घरच्या महासंघाविरुद्ध.

खेळ मात्र जोरात चालला. गटातले चारही सामने जिंकले. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध लिंडाचा एकमेव गोल. अंतिम सामन्यातलं स्थान म्हणजे २०२३चा विश्वचषक आणि २०२४चं पॅरिस ऑलिम्पिक, दोन्ही पक्कं. उपविजेत्यासाठी पाच लाख डॉलर. ब्राझीलशी हरल्यावरही स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून सतरा वर्षांच्या लिंडाची निवड झाली. ज्या मुलीला सगळ्या खंडानं सर्वोत्तम ठरवलं, तिला डिसेंबरपर्यंत स्वतःच्या देशात लीगचा सामना खेळायला मिळणार नव्हता.

मडगाव, नेरूळ

ती लगेच कोस्टा रिकाला गेली. वीस वर्षांखालील संघ तिथं जर्मनीला १-०नं हरवून गटातून पुढं गेला. मग ऑक्टोबरमध्ये भारत. प्रशिक्षक तेच, कार्लोस पानियाग्वा. कोपा लिबेर्तादोरेस नेमकी त्याच पंधरवड्यात इक्वाडोरला चालू होती, त्यामुळे तिच्या क्लबला ती नव्हतीच. भारतातली ही स्पर्धा मुळात २०२०ची. कोविडमुळं पुढं ढकलली, मग रद्द झाली आणि २०२२ची आवृत्ती भारताला दिली गेली.

पहिला सामना नेरूळला, स्पेनविरुद्ध, ०-१. मग चीनला २-० आणि मेक्सिकोला २-१. उपांत्यपूर्व फेरीत मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर टांझानियाला ३-०. उपांत्य सामनाही तिथंच, नायजेरियाशी. नव्वद मिनिटांत गोल नाही. या वयोगटात जादा वेळ खेळवत नाहीत, सरळ पेनल्टी. ६-५. गोलरक्षक लुइसा आगुदेलोनं शेवटची पेनल्टी अडवली आणि गोव्यात कोलंबियाच्या फुटबॉलचा इतिहास घडला: पुरुष असो वा महिला, कुठल्याही वयोगटात, कोलंबियाचा संघ फिफाच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदाच पोचला. वाल्देरामा, हामेस रोद्रिगेझ यांच्या पिढ्यांनाही जे जमलं नाही ते.

लिंडानं स्पर्धेत चार गोल केले. आपल्या यजमान मुलींनी तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले आणि एकही केला नाही. तुलना अन्यायाची आहे, हे मान्य. पण एक प्रश्न पडतोच: लीगविना तडफडणाऱ्या देशाच्या मुली इतक्या पुढं कशा गेल्या?

माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. वयोगट स्पर्धा छोट्या असतात. सहा सामने, तीन आठवडे. चांगलं शिबिर, दोन-तीन असामान्य खेळाडू आणि मुलांबरोबर गल्लीत खेळून आलेली धीटाई, एवढ्या भांडवलावर तिथं लांब जाता येतं. काली आणि आसपासच्या वाये देल काउकात हे भांडवल पिढ्यान् पिढ्या साठलेलं आहे. शिवाय वयोगट संघ महासंघाला स्वस्त पडतो. खेळाडूंना पगार द्यायचा नसतो आणि विश्वचषकाचा प्रवासखर्च बव्हंशी फिफा उचलते. यश मात्र महासंघाच्या नावावर जमा. दुसरा तुकडा कडू आहे. जिथं वयोगट संघ चालतात आणि त्यांच्यापुढची पायरी नसते, तिथं सतराव्या वर्षी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेली मुलगी एकविसाव्या वर्षी कुठं असेल, हे कुणी विचारत नाही.

मेलबर्न

आना गुझमानकडं वळतो. सतराव्या वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्वयंगोल. कोलंबियात १९९४नंतर स्वयंगोल हा शब्द साधा राहिलेला नाही. त्या वर्षीच्या विश्वचषकातल्या स्वयंगोलनंतर मायदेशात खून झालेल्या आंद्रेस एस्कोबारचं नाव मी एवढ्यावरच सोडतो.

जुलै २०२३ला ती मोठ्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होती. लिंडा तर होतीच, फेब्रुवारीत अठरा वर्षं पूर्ण होताच रियाल माद्रिदनं तिला घेतलं होतं. मोन्तोया परत आली होती. उस्मे होती. कोलंबियानं दक्षिण कोरियाला २-० हरवलं. मग सिडनीत जर्मनी. काही दिवस आधी सरावात लिंडा छाती धरून खाली बसली होती. सामन्यात ५२व्या मिनिटाला तिनं दोन बचावपटूंना एका जागी हलवून चेंडू वरच्या कोपऱ्यात वळवला. ८९व्या मिनिटाला पॉपनं पेनल्टीवर बरोबरी केली. ९७व्या मिनिटाला कॉर्नरवर मानुएला वानेगासचं डोकं. २-१. १९९५नंतर जर्मनी विश्वचषकाच्या साखळीत पहिल्यांदाच हरला, आणि पुढं घरीच गेला.

वानेगासला दोन पिवळी कार्डं झाल्यानं ती जमैकाविरुद्धच्या बाद सामन्यात खेळू शकणार नव्हती. डाव्या बचावाची जागा प्रशिक्षक नेल्सन अबादिया यांनी अठरा वर्षांच्या गुझमानला दिली. ८ ऑगस्ट, मेलबर्न, ५१वं मिनिट. गुझमाननं डावीकडून लांबवर, बचावाच्या डोक्यावरून पलीकडच्या खांबाकडं चेंडू पाठवला. उस्मेनं एका स्पर्शात तो काबूत घेतला आणि आत ढकलला. १-०. कोलंबिया पहिल्यांदा महिला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत. तो गोल मी परत परत पाहिला आहे, आणि दर वेळी उस्मेपेक्षा चेंडू पाठवणारीकडंच लक्ष जातं. नेरूळ आणि मेलबर्न यांत फक्त सव्वानऊ महिन्यांचं अंतर होतं.

इंग्लंडकडून ते १-२ हरले. लेसी सांतोसच्या गोलनं आघाडीवर होते, मग हेम्प आणि रुसो.

या स्पर्धेत फिफानं पहिल्यांदाच खेळाडूंना वैयक्तिक रकमा जाहीर केल्या होत्या. उपांत्यपूर्व फेरीत पोचलेल्या संघाच्या प्रत्येक खेळाडूसाठी ९० हजार डॉलर. पाच वर्षांपूर्वी लिबेर्तादोरेस जिंकलेल्या अख्ख्या संघाच्या ५५ हजारांवरून एवढं रणकंदन झालं होतं. हे पैसे देशातल्या लीगनं दिलेले नव्हते, झ्यूरिकच्या फिफानं दिले. ऑगस्टअखेर अबादिया यांना महासंघानं निरोप दिला आणि त्यांचे सहकारी आंखेलो मार्सिलिया आले.

मग?

२०२४च्या ऑलिम्पिकमध्ये स्पेनविरुद्ध २-० आघाडी घेऊन, भरपाई वेळेत बरोबरी पत्करून, पेनल्टींवर हार. त्याच वर्षी वीस वर्षांखालील विश्वचषक कोलंबियातच भरला: बोगोता, काली, मेदेयिन, पहिल्यांदाच २४ संघ. यजमान मुलींनी गटातले तिन्ही सामने जिंकले आणि उपांत्यपूर्व फेरीत कालीला नेदरलँड्सकडून पेनल्टींवर हरल्या. त्यानंतरच्या महिन्यात सतरा वर्षांखालील नवा संघ डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पहिल्याच फेरीत बाद झाला. नेरूळचं यश ही व्यवस्थेची फळं असती, तर दोन वर्षांत झाड इतकं वाळलं नसतं, असं मला वाटतं. अर्थात गटात स्पेन आणि अमेरिका दोघेही होते, हेही खरं.

आणि २ ऑगस्ट २०२५, कीटो. कोपा अमेरिकाचा अंतिम सामना, पुन्हा ब्राझील. नव्वद मिनिटांत कोलंबियानं तीनदा आघाडी घेतली. ३-२ असताना ९६व्या मिनिटाला एकोणचाळीस वर्षांच्या मार्तानं बरोबरी साधली. जादा वेळेत मार्तानं ब्राझीलला पुढं नेलं, लेसी सांतोसनं फ्री किकवर ४-४ केलं. पेनल्टींवर ब्राझील. मात्र अंतिम सामना गाठल्यामुळं २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं तिकीट कोलंबियालाही मिळालं.

त्या चारपैकी एक गोल ब्राझीलच्या स्वयंगोलचा होता. उरलेले तीन लिंडा कायसेदो, मायरा रामिरेझ आणि लेसी सांतोस यांचे. लिंडा माद्रिदला खेळते, सांतोस वॉशिंग्टनला, आणि रामिरेझला जानेवारी २०२४मध्ये घेताना चेल्सीनं ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रमी भाव मोजला होता. तिघींपैकी एकीचाही क्लब कोलंबियात नाही.